मोगऱ्याला पाणी घालू नये

आमच्या मल्हारगंजच्या गल्लीत सुलोचनाबाई चितळकरांइतकं थोडक्यात बोलणारं माणूस नाही, आणि माझ्याइतकं लांबण लावणारंही नाही. दोघांच्या घरांमध्ये छातीएवढी एक भिंत आहे. तिने दोन्ही बाजूंनी काय काय ऐकलं असेल ते तिलाच ठाऊक.

बाई चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. ट्रंक कॉल जोडून द्यायच्या आणि तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायच्या. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, सवय तशीच. मी माझ्या गावाकडची, देपालपूरकडची एखादी गोष्ट काढावी, बैल अजून गोठ्यातून निघतोय, तोच पलीकडून येतं, "रामभाऊ, तीन मिनिटं झाली." माझे कितीतरी बैल अजून गोठ्यातच आहेत.

यजमान गेल्यापासून बाई एकट्या. मुलगी ऋजुता लग्न होऊन पुण्याला. अंगणात मात्र गर्दी: कण्हेर, अनंत, जास्वंद, फाटकावर मधुमालती. ऐन उन्हाळ्यात, आपण घामाने निथळत असतो तेव्हा, ही मंडळी नटूनथटून उभी. सगळी बाईंच्या शिस्तीतली. ऐकत नव्हता तो एक मोगरा. भिंतीला लागून आठ कुंड्या, आणि दोन उन्हाळे नुसता पाला. कळी म्हणून नाही. बाईंनी माती बदलली, शेणखत बदललं, शेवटी नर्सरीवाला बदलला.

"नंदू भिया, तुम्ही मला मोगरा बोलून पाला विकला," बाईंनी जुन्या नर्सरीवाल्याला भर रस्त्यात सांगितलं.

"बाईजी, सारे मोहल्ले में यही झाड दिया है," तो म्हणाला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

डिसेंबर संपता संपता ऋजुताचा फोन आला. गोड बातमी होती. वैशाखात सातवा लागणार, डोहाळजेवण इथेच. बाईंनी फोनवरच जाहीर केलं की फुलांचे दागिने घरच्या मोगऱ्याचे होतील, बाजारची एक कळी चालणार नाही. ऋजुताच्या वेळी बाईंच्या आईने घरच्या कळ्यांचा मुकुट केला होता. तो फोटो अजून त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

आता मोगऱ्याची तऱ्हा अशी, की थंडीत त्याचं पाणी दीड महिना तोडायचं. पानं मलूल होतात, झडतात. मग छाटणी करायची, खत घालायचं आणि पाणी पुन्हा सुरू करायचं. तेव्हा कुठे तो फुलावर येतो. याला ताण देणं म्हणतात. हे मला आता माहीत आहे.

बाईंनी कुंड्यांपुढे पुठ्ठा लावला: मोगऱ्याला पाणी घालू नये. झालं, गल्लीला विषय मिळाला. बड्या गणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या बायका फाटकाशी थांबायच्या. "अहो बाई, झाड मरतंय."

"मरू द्या," बाई म्हणायच्या आणि आत जायच्या.

आता माझं. आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ आला की परवाचं भरलेलं पाणी ओतायचं आणि ताजं भरायचं. शिळं पाणी प्यायचं नाही, ही अख्ख्या गल्लीची समजूत. बरं, ते ओतायचं कुठे? गटारात ओतायला जीव होत नाही. मी भिंतीवरून पलीकडच्या कुंड्यांत ओतायचो. आमच्या शाळेत गुरुजी हजेरीच्या आधी प्रत्येकाकडून एका झाडाला तांब्याभर पाणी घालून घ्यायचे. ज्याचं झाड सुकलं, तो दिवसभर वर्गाबाहेर. सात इयत्ता झाल्या, मी एकदाही बाहेर उभा राहिलो नाही. अशा माणसाला पुठ्ठा काय थांबवणार? पुठ्ठा इतरांसाठी आहे, असं मी धरून चाललो होतो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बादली भिंतीवर तिरपी आणि समोर बाई.

"रामभाऊ, काय करताय?"

"झाडं तहानलीत. शिळं पाणी आहे, पण झाडाला काय शिळं न् ताजं."

"किती दिवस घालताय?"

"तुम्ही सांगायची गरजच नाही. दोन-तीन वर्षं झाली, नर्मदेचा एक दिवस चुकवला नाही."

हे मी कौतुकाने सांगितलं. बाई भिंतीला टेकल्या. मी लगेच गुरुजींची गोष्ट काढली. तांब्यापर्यंतही पोहोचलो नसेन.

"तीन मिनिटं झाली," बाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता, म्हणून भीती वाटली. "चला. नंदूकडे जायचंय."

तसंच मला नर्सरीत नेलं. "चूक तुमची नव्हती. ह्यांची होती," एवढंच बोलून त्या शेणखत बघायला गेल्या.

नंदूने मला खालीवर न्याहाळलं. "दादाजी, दो साल से मैं सोच रहा था, मेरे हाथ में ही खोट है."

मग शिक्षा. नर्मदेच्या दिवशी मी भिंतीशी खुर्ची टाकून बसायचं आणि कुणाला पाणी घालू द्यायचं नाही. ही गल्ली इतकी दयाळू आहे हे मला तोवर कळलं नव्हतं. कुणी पूजेचं पाणी आणतंय, कुणी धुतलेल्या डाळीचं. एकीने तर मलाच ऐकवलं, "दादा, म्हातारपणी जरा दया असू द्या." आमची मंडळी, म्हणजे शुभदा, घरातून हसायची. आमचा एकुलता एक मोगरा दिवाळीच्या सफाईत कुठे गेला ते आधी सांग म्हणावं, मग दुसऱ्यांच्या कुंड्या राखणाऱ्याला हस.

फेब्रुवारीत छाटणी झाली, मला बघवेना. एप्रिलमध्ये पाच कुंड्यांवर कळ्या धरल्या. माझ्या हाताच्या टप्प्यातल्या तीन हिरव्यागारच राहिल्या; अधूनमधून तांब्याभर पाण्याने काय होतंय, असं मला वाटलं होतं. बाई रोज त्या तीन कुंड्यांकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या.

डोहाळजेवणाच्या दिवशी चार वाजता कळ्या खुडल्या. शुभदा ओवायला बसली. वेणी झाली, हार झाला, बाजूबंद झाले आणि ताटलीत पंधरा-वीस कळ्या उरल्या. मुकुट राहिलाच. ऋजुता म्हणाली, "आई, राहू दे ना, मैं मॅनेज कर लूंगी, हार आहे ना." बाईंनी फ्रिजवरच्या फोटोकडे पाहिलं आणि मग, अर्थातच, माझ्याकडे.

मी टाकी बघायचं निमित्त करून आमच्या गच्चीवर पळालो. भर उन्हात टाकीमागे सावलीला गेलो, तर तिथे आमची हरवलेली कुंडी. कळ्यांनी नुसती लगडलेली. कमरेवर घेऊन तशीच खाली आणली.

बाईंनी कुंडी सगळ्या बाजूंनी पाहिली. "ताण किती दिला?"

"दिवाळीत वर ठेवली न् विसरलो."

"छाटणी?"

शुभदा ओवता ओवता म्हणाली, "अगबाई, हा आपलाच मोगरा होता? कुठलंतरी वाळलेलं झाड समजून संक्रांतीनंतर मीच हिच्या फांद्या मोडल्या. तुळशीला आधाराला."

"आणि पाणी?"

"टाकीचा बॉल फेब्रुवारीपासून बिघडलाय," मी म्हणालो. "नर्मदेच्या दिवशी टाकी भरून मागे वाहते."

या वेळी बाईंनी मिनिटं मोजली नाहीत. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "खुडा."

मुकुट झाला. नवा फोटो जुन्याशेजारी लागला. श्रावणात ऋजुताला मुलगी झाली, तिचं नाव स्पृहा.

परवा दिवाळीची सफाई चालली होती. बाईंनी त्या तीन हिरव्यागार कुंड्या एकेक करून भिंतीवर ठेवल्या.

"ह्या तुमच्या गच्चीवर न्या, टाकीमागे. आणि विसरा. बॉल आता दुरुस्त करा, फेब्रुवारीत पुन्हा बिघडू द्या."

कुंड्या नेल्या, बॉलही बदलला. पण विसरायचं सांगून कुणी विसरतं का? सकाळपासून तीनदा वर जाऊन आलोय. माती पार कोरडी पडलीय. शुभदाने बादली कुलपात ठेवलीय.