कॅन दुकानात नेणार नाही

मास्तर शिवायला बसले की उठायचं नाव नाही. बाजारातलं चिंचोळं दुकान, एका बाजूला कापायचं टेबल, दुसऱ्या बाजूला मशीन, मध्ये कसेबसे मावलेले मास्तर. उठावं लागू नये म्हणून ते पाणी पीत नसत आणि कंबर धरली की खिशातली वेदनाशामक गोळी कोरडीच गिळत. वर्षानुवर्षांचा शिरस्ता! शिवलेला कोट मात्र असा बसे की गिऱ्हाईक आरशासमोरून हलत नसे.

त्यांची थोरली लेक पॅथॉलॉजी शिकत होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडाचे काप पाहायचे. केशवाहिन्यांचे ते गुंते म्हणजे रक्त गाळणाऱ्या चाळण्या. पुढच्या नळ्या कामाचं तेवढं रक्तात परत घेणाऱ्या. चाळणी सैल झाली की रक्तातलं प्रथिन लघवीतून वाहून जातं, लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, हे ती सरांना धडाधड सांगे. आणि घरी ती सूज रोज सकाळी तिच्यासमोर बसून चहा पीत असे.

"बाबा, मूत्रपिंड मुकं असतं. बरंचसं निकामी होईपर्यंत हूं की चूं करत नाही."

"मग तुझ्यापेक्षा शहाणं आहे," मास्तर म्हणत.

महिनाभर डोकं फोडल्यावर ते तपासणीला तयार झाले. लेकीने मोठा कॅन आणून पढवलं, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत थेंबन् थेंब यात.

दुसऱ्या सकाळी कॅन हलका लागला. "एवढीच?"

"मी पाणी पीत नाही, हे तूच सांगत फिरतेस ना?"

तिला उशीर होत होता. तिने कॅन प्रयोगशाळेत दिला.

रिपोर्टात प्रथिन मर्यादेत! मास्तरांनी तो कागद घरभर नाचवला. आईने देवासमोर हात जोडले, डोळे पुसले. लेक मात्र कागद पुन्हापुन्हा वाचत राहिली. स्नायूंमधून निघणारं क्रिएटिनिन रोज साधारण सारखंच लघवीत उतरतं, धट्ट्याकट्ट्या माणसाचं तर भरपूर. बाबांचं उतरलं होतं लहान पोराएवढं. चोवीस तासांची लघवी त्या कॅनमध्ये नव्हतीच.

"बाबा, कॅन दुकानात नेला होतात?"

मास्तर सुईत दोरा ओवत राहिले. "गिऱ्हाइकांतून तो डबा मिरवत मागच्या संडासात जाऊ? लोक काय म्हणतील?"

"मग दिवसाची कुठे गेली?"

"रोज जाते तिथे."

आई कडाडली. "आणि मी आभार मानून बसले! अहो, देवालासुद्धा फसवलंत?"

लेकीला हसावं की रडावं कळेना. "अर्ध्या छातीचं माप घेऊन कोट कापता का कधी?"

दुकानाच्या सुट्टीला पुन्हा कॅन आला. या खेपेला आई जपाला बसावं तशी संडासाबाहेर ठाण मांडून बसली. प्रथिन मर्यादेच्या चौपट निघालं. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला घातक, म्हणून डॉक्टरांनी त्या बंद केल्या आणि सुई टोचून मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासायला सांगितलं.

घरी येताच मास्तर लेकीवर उखडले. "पहिल्या वेळी काही नव्हतं. तू खोदत बसलीस म्हणून निघालं!"

तिने कपाळावर हात मारला. जगाला समजावता येतं, घरच्यांपुढे शिकलेलं सारं पालथ्या घड्यावर पाणी.

बापलेकीचा अबोला सुरू झाला. गोळीविना कंबर ठणके, म्हणून मास्तरांना अधूनमधून उभं राहावं लागे. आणि उठलोच आहोत तर म्हणून ते रागारागाने घोटभर पाणी पीत. लेक एकदा दुकानात जेवणाचा डबा द्यायला गेली, तेव्हा मान वर न करता त्यांनी विचारलं, "ती सुई केवढी जाड?"

"तुमच्या मशीनच्या सुईहून जाड. पण जागा बधिर करतात. दोऱ्याएवढा तुकडा काढतात, बस."

"तेवढ्यावरून कळतं?"

"त्यात पुरेशा चाळण्या आल्या तर. नाहीतर पुन्हा टोचावं लागतं."

"म्हणजे तुमचंही चुकतं तर!" मास्तर कितीतरी दिवसांनी खूश झाले.

"चुकतं, बाबा. सोमवारी दवाखान्यात येताय ना?"

"सोमवारी एक कोट द्यायचाय. मंगळवारी बघू."

"बाबा!"

"बरं, सोमवारी. पण कोट तू पोचव."

लेकीने दातओठ खात टेबलावरचा कोट उचलला आणि पिशवीत कोंबला.

"अगं, घडी! घडी तरी नीट घाल!"