बॅटरीवाल्या काकांचा हात

शेवगावचे बॅटरीवाले काका कुठलीही बॅटरी हातात आली की आधी गालाला लावून गरम आहे का बघत. मीटर नंतर. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावर घराच्या पडवीत टेबल टाकून ते जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या उघडू लागले. ज्यांची बॅटरी आता बाजारात मिळत नाही, अशीच यंत्रं त्यांच्याकडे येत.

माझं यंत्र तसलंच, कुणीतरी देणगी दिलेलं, विटेएवढं जाड. मी ऊसतोड मजुरांच्या मुलांना शिकवत असे. त्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांत, वीज नव्हती. बॅटरी चालली तरच पडद्यावर अक्षरं दिसत.

काका बॅटरीचं कवच सुरीने उकलत आणि आतला एकेक सेल मोजत. दमलेल्या सेलला अगदी कमी करंट देत. चार्जिंग चालू असताना टेबल सोडत नसत, उठायचं झालं तर आधी चार्जर बंद करत. घाई करणाऱ्याला म्हणत, "आजाऱ्याला कुनी पळवत न्हाई." पण पार उतरून कित्येक महिने पडून राहिलेला लिथियमचा सेल ते कधीच उठवत नसत. आत काय बिघडलंय ते वरून कळत नाही, असं सांगून बॅटरी परत देत.

एका दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आणि माझी बॅटरी अशीच निघाली. काकांनी मीटर लावून मान हलवली. नवे सेल पुण्याहून यायला आठ दिवस लागणार होते. मी हटून बसले. शाळा लगेच सुरू झाली नाही तर मुलं आईबापांबरोबर उसाच्या फडात जातील आणि मग परत बसणार नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ते खोटं नव्हतं. काकांनी बॅटरी पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाले, "बरं. बगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातला एक सेल पेटला. पडवीत काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. काकांनी जळती बॅटरी तशीच हाताने उचलून अंगणात फेकली. काकूंना काही झालं नाही. काकांच्या उजव्या हाताची बोटं मात्र पुन्हा वळली नाहीत.

दवाखान्यात मला रडू आवरेना. काका म्हणाले, "तुमी मागितलं, पन व्हय मी म्हनलो. कुनाला सांगत बसू नका."

विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एवढंच सांगितलं, "माजा हात चुकला." मी गप्प राहिले. हळूहळू लोक बॅटऱ्या आणेनासे झाले. मी अधूनमधून जायची. ते मुलांची चौकशी करायचे, कोण वाचायला लागलं ते विचारायचे, आणि मी चहा पिऊन परत यायची.

यंदा काका गेले. दशक्रियेला एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. एक्स्चेंजमधले त्यांचे एक जुने सहकारीही बोलले. शेवटी म्हणाले, वयापुढे कुणाचं चालतं, एवढ्या कसबी माणसाचाही हात चुकला.

मी बायकांमधून उठले. काकांनी आधी नाही म्हटलं होतं, मीच ऐकलं नाही, आणि इतकी वर्षं हे मी लपवलं, असं सगळ्यांसमोर सांगितलं. मी तशीच उभी राहिले.

काकूंनी वर पाहिलं. मग थोडं सरकून त्यांनी मला शेजारी जागा करून दिली.