खोकण्याची ऑर्डर

लढाईच्या शेवटच्या वर्षी माझं शेवटचं पोस्टिंग झालं ते बेळगावला. तेही खाटेवर. कॅम्पातल्या इस्पितळात छातीच्या रुग्णांचा वॉर्ड होता, बारा खाटांचा. चार नंबरवर मी, हवालदार परसू, गाव निपाणी. पाच नंबरवर माझ्याच सेक्शनचा लान्सनाईक भरमा, गाव कडोली. दोघांच्याही छातीत ब्रह्मदेशातलं लोखंड शिरलेलं. माझ्या उजव्या बाजूला, त्याच्या डाव्या.

गावात कुणी भेटलं की म्हणतं, हवालदार, लढाईचं सांगा. मी खोकल्याचं सांगणार आहे. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चहा घ्या आणि चालू लागा.

पलटणीत मी ड्रिलचा उस्ताद होतो. पंधरा वर्षं रंगरुटांना दोन गोष्टी घोकवल्या. परेडवर पेट अंदर, छाती बाहर. आणि पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, खोकला आला तर गिळायचा. खोकणारा एकटा मरत नाही, सेक्शन घेऊन मरतो. एकदा भरमा सरावात खोकला, तेव्हा पूर्ण पॅकसह त्याला मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या. तो हूं की चूं न करता पळाला. पोरगं मुळातच अबोल.

ब्रह्मदेशात आम्ही आठ जण पेट्रोलवर होतो. सकाळी अकराचा सुमार. मॉर्टरचा गोळा पडला, भरमाला आणि मला दोघांनाही लागलं, आणि पाठोपाठ जपानी आले. वीस पावलांवरून त्यांची ये-जा चाललेली. पुरुषभर उंच गवतात आम्ही दीड तास पडून राहिलो. भरमाच्या तोंडात रक्त येत होतं. त्यानं गळ्यातला रुमाल तोंडात कोंबला आणि माझ्याकडे बघत राहिला. दीड तासात एकदाही खोकला नाही. आठच्या आठ जण परत आलो. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याच्यापेक्षा माझ्या शिकवणीचाच जास्त अभिमान वाटला.

वॉर्डात रोज सकाळी सहाला मसाजवाल्या सिस्टर यायच्या. गोऱ्या, उंच, हिंदुस्तानी मोडकंतोडकं, पण आवाज सुभेदार-मेजरचा. त्यांचं काम म्हणजे आम्हाला श्वास घ्यायला शिकवणं. मी मनात म्हटलं, आता श्वासही गोऱ्यांकडून शिकायचा? आईच्या पोटातून काय शिकून आलो मग?

त्यांनी माझ्या पोटावर काड्यापेटी ठेवली. म्हणाल्या, "सांस लो. डिब्बी ऊपर."

मी दणदणीत श्वास घेतला. छाती फुगली, पोट आत गेलं, काड्यापेटी खड्ड्यात.

"हवालदार, पेट ऊपर! छाती नहीं!"

पुन्हा तेच. पंधरा वर्षांची सवय, पोट सैल सोडणं जमेचना. अख्खा वॉर्ड फिदीफिदी हसायला लागला. ज्यांना मी घाम फोडला होता ती पोरंही हसली. हसता हसता भरमाला उबळ आली आणि त्यानं चटकन घोंगडी दातात धरली. मी ते पाहिलं. मनात म्हटलं, शाब्बास रं वाघा.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

सिस्टर खाटेच्या पायथ्याखाली विटा लावायच्या, डोकं खाली, पाय वर. मग दोन्ही हातांच्या ओंजळी करून पाठीवर ठोकायच्या. आतली घाण सुटते, ती खोकून भांड्यात टाकायची. मला चार दिवसांत पोटानं श्वास घेणं जमलं, आणि खोकणंही. भरमा मात्र प्रत्येक उबळ गिळायचा. सिस्टर म्हणायच्या, "खाँसो, बेटा, खाँसो." तो मान हलवायचा आणि ओठ मिटायचा. त्यांना वाटायचं, दुखतंय म्हणून. मला खरं कारण ठाऊक होतं. पण उस्तादानं सगळ्यांदेखत आपलीच ऑर्डर फिरवायची? जीभ उचलली नाही. आठ दिवस उचलली नाही.

नवव्या दिवशी त्याचा ताप चढला, ओठ निळे पडले. दुपारी चारला डॉक्टर साहेब येऊन गेले. सिस्टरना म्हणाले, आत साठलेलं बाहेर निघालं तर आशा, नाहीतर नाही. सिस्टर ठोकून ठोकून थकल्या होत्या. मी खाटेवरून उतरलो आणि त्याच्या पायाशी सावधानमध्ये उभा राहिलो.

"लान्सनाईक भरमा!"

"जी, उस्ताद."

"दुश्मन गेला. ऑल क्लिअर. खोक."

"तुमीच शिकवलंसा न्हवं, गिळायचं म्हणून?"

"माझं चुकलं. ती ऑर्डर कॅन्सल. खोक, भरमा. बोंबलून खोक."

हाताखालच्या माणसाला 'माझं चुकलं' असं मी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. तो माझ्याकडे तसाच बघत राहिला, गवतात बघत होता तसा. मग खोकला. काय तो खोकला! खिडकीची काच थरथरली. सिस्टरनी भांडं धरलं, ते भरलं, दुसरं आणलं.

त्यानंतरचे चार दिवस भरमानं वॉर्ड दणाणून सोडला. सहाच्या आधीच हाक मारायचा, "उस्ताद, विटा लावा की." मी ठोकायचो, तो खोकायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं काड्यापेटी पोटावर ठेवून दाखवली. वर गेली, खाली आली. म्हणाला, "तुमच्यापरास बरं जमतंय मला." लई हसलो आम्ही.

पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला तो गेला. डॉक्टर साहेब सहज बोलून गेले, आठवडाभर आधी खोकला असता तर वाचला असता. ते मला उद्देशून नव्हतं. लागलं मात्र मलाच, अजून लागतं.

मेडिकल बोर्डानं मला घरी पाठवलं. म्हणाले, एकच फुफ्फुस कामाचं उरलंय, बसून राहा. मी म्हणालो, "साहेब, दुसऱ्या फुफ्फुसाला मी ड्रिलला लावतो." ते हसले. मी हसलो नाही.

आधी कडोलीला गेलो. भरमाच्या आईनं पाणी दिलं आणि विचारलं, "लई तरास झाला व्हय रं त्याला?"

"व्हय, आई. माझ्यामुळं झाला." मी सगळं सांगितलं, रुमालापासून काड्यापेटीपर्यंत.

तिनं माझ्या हातातला रिकामा तांब्या घेतला. मग म्हणाली, "आता आनि कुनाला गिळाय लावू नगंस."

निपाणीला आलो तर माझी आक्का तंबाखूच्या वखारीत बसून तेच करत होती. तंबाखूची धूळ नाकातोंडात, आणि खोकला आला की पदराचा बोळा तोंडात. सगळ्या बायका तशाच. खोकली की लोक म्हणणार क्षय झाला, मग मुकादम कामावर घेणार नाही आणि घरात लेकीचं लग्न जुळणार नाही. मी आक्काच्या खाटेखाली विटा लावल्या. शेजारी म्हणाले, हवालदाराचं डोकं फिरलं. म्हटलं, फिरू द्या. महिन्याभरात आक्का पायऱ्या न थांबता चढली, तेव्हा त्याच शेजारणी आपापल्या विटा घेऊन आल्या.

आता रोज सकाळी सहाला माझ्या अंगणात पंधरा-वीस बाया-माणसं जमतात. एकदा मुकादम तरातरा आला.

"काय हवालदार, सकाळी सकाळी ही कसली खोकाखोकी?"

"ड्रिल चाललीया. हितं खोकायला बंदी न्हाय. तुमाला बी धाप लागलीया, या रांगंत."

तो गेला. पुढच्या सोमवारी मुकाट्यानं शेवटच्या रांगेत येऊन उभा राहिला.

सुरुवातीला मी हजेरी घेतो. पलटणीची सवय, ती काही सुटणार नाही. पहिलं नाव लान्सनाईक भरमा, कडोली. नाव पुकारलं की अंगणातलं कुणीही 'हाजिर' म्हणत नाही. सगळे मिळून खोकतात, बोंबलून.