डोंगराचे मजले

तेव्हा मी देहूरोडच्या डेपोत नोकरीला होतो. कामशेत स्टेशनच्या बाकावर एक म्हातारा माझ्या शेजारी येऊन बसला. कर्करोगामुळे त्याचं एका बाजूचं फुप्फुस काढायचं ठरलं होतं. छातीचा एक्स-रे तो सारखा उन्हात धरी, धोतराने पुसे आणि पुन्हा पिशवीत ठेवी.

“भाऊ, तुमी शिकलेलं. ह्यो फोटो बगून डाक्टर म्हनला, आपरेशननंतर दोन मजले चढाय पुरंल येवढा दम उरंल. आमची वाडी बेडशाच्या डोंगरावर. त्या डोंगराचं मजलं किती हुतील?”

मी समोरचे डोंगर बघत मनात मजले रचू लागलो आणि मध्येच चुकलो. “दोनाहून जास्त, आबा,” एवढंच म्हणालो.

त्याने एक्स-रे माझ्या हातात दिला. “मग मधी बसायचं कुटं, ते ह्यात दिसतंय का बगा की.”