लाइन म्हणजे

वर्गात ‘लाइन’ हा शब्द शिकवताना मला मोठा हुरूप येतो. रेघ, रांग, रूळ, कवितेची ओळ असे अर्थ फळ्यावर मांडतो आणि सांगतो, हा शब्द मुळात लॅटिनमधल्या जवसाच्या नावावरून आला. जवसाच्या देठापासून दोरा काढायचा, तो ताणून धरायचा, की सरळ रेघ मिळाली. आपण ज्याची चटणी खातो तेच हे जवस, म्हटलं की पोरं खूश. पण आमच्या गावाकडं, कुरुंद्यात, लाइनचा अर्थ एकच, वीज. ती गेली की भल्याभल्यांचं काही चालत नाही.

फुप्फुसांनी दगा दिल्यापासून आई ऑक्सिजनच्या मशीनवर आहे, आणि मशीन लाइनवर. मागच्या आठवड्यात गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. घरातला ऑक्सिजनचा सिलेंडर संपत आला, तेव्हा कळलं की शेतीची लाइन वेगळी आहे आणि ती चालू आहे. आईला जीपमध्ये घालून आखाड्यावर, शेतातल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं, तोवर सिलेंडर संपला. मशीन सुरू झालं. तेवढ्यात शेजाऱ्यानं विहिरीवरची मोटार लावली, व्होल्टेज पडलं आणि मशीन बंद.

मी बांधावरून ओरडत पळालो. बिचाऱ्यानं काही न विचारता मोटार थांबवली. थोड्या वेळानं तो शेडच्या दाराशी येऊन उभा राहिला.

“राहू द्या सर, बंदच राहू द्या,” तो म्हणाला, पण नजर स्वतःच्या हळदीकडे. पाण्यावाचून पानं गुंडाळून गेली होती आणि शेतीची लाइन दुपारपर्यंतच. मला ‘चालू करा’ म्हणवेना, ‘करू नका’ म्हणायलाही तोंड नव्हतं. इतका लाचार मी कधी झालो नव्हतो.

आईनं नाकातली नळी बाजूला केली.

“त्याची हळद काहून वाळवून राहिला? पाळी लावा. आधी त्याचं पाणी, मंग माझं मशीन.”

“आई, हे काय पाटाचं पाणी आहे का?”

“मंग काय हाय?” तिला धाप लागली. “जा रे बाबा, कर चालू.”

तो माझ्याकडे न बघता गेला. मोटारीचा आवाज आला, मशीन थांबलं. आईचा हात धरून मी तिच्या पाळीची वाट बघत बसलो. पाणी किती वेळ द्यायचं, ते कुणीच ठरवलं नव्हतं.