एका हाताचा जॅक

“आपली गाडी आपण उचलायची,” एवढं बोलून आप्पा दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि खुशाल झाडावरचे पक्षी बघत उभे राहायचे. समोर माझी जीप पोटापर्यंत चिखलात रुतलेली! त्या वेळी माणसाला जो राग येतो, तो तुम्हाला सांगून कळायचा नाही.

आप्पा माझे घरमालक, मोशीच्या जुन्या शेतकरी घरातले. शेतावर इमारती उभ्या राहिल्या तरी पायाला ढेकळांची ओढ, म्हणून त्यांनी जीप घेतली. मी लातूरकडचा, महाळुंग्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. जुनी जीप घ्यायचं खूळ माझ्या डोक्यात त्यांनीच भरलं. रविवारी आमची जीपवाल्यांची टोळी टेकड्यांच्या कच्च्या वाटा धुंडाळत निघायची. टोळीला कायदा एकच, तोही आप्पांनी केलेला. ज्याची गाडी रुतली त्यानं ती स्वतःच्या जॅकनं वर काढायची. बाकीच्यांनी हात लावायचा नाही. ज्याला जमत नाही त्यानं घरी बसावं.

“अहो आप्पा, जरा धक्का तरी द्या!”

“आरं, रानात एकटा असलास मंग कोन देनार? लाव जॅक.”

आणि जॅक म्हणजे त्यांच्या मते एकच. कमरेच्या वर येणारा लोखंडी खांब, त्याला भोकं, आणि पंप करायला लांब दांडा. दांडा मारत राहायचा, गाडी एकेक भोक वर चढते. हातातून दांडा निसटला तर जबडा फोडतो. आमच्यातल्या एकानं एकदा हवेच्या पिशवीचा जॅक आणला. रिकामी पिशवी गाडीखाली सारायची, तिची नळी सायलेन्सरच्या तोंडाला दाबून धरायची, की धुरानं पिशवी फुगते आणि गाडी उचलते. आप्पा पोट धरून हसले. “बड्डेचा फुगा हाय व्हय ह्यो? केक कुठंय?” त्या बिचाऱ्यानं पुन्हा ती पिशवी कधी बाहेर काढली नाही.

मग आप्पांचा उजवा खांदा गेला. माळ्यावरून गव्हाचं पोतं उतरवताना पडले. ऑपरेशन झालं, पण या हातानं जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. स्टिअरिंगला हात पुरायचा, जॅकच्या दांड्याला पुरेना. पुढच्या रविवारी म्हणाले, “लगीन हाय.” त्याच्या पुढच्या रविवारी वास्तुशांत. मोशीत एवढी कार्यं कुणाकडे निघत होती देव जाणे! शेवटी आम्हीच म्हणालो, आप्पा, चला, तुमची गाडी आम्ही उचलतो. तर असे खवळले!

“म्हंजी तुमच्यावर वझं व्हऊन येऊ? न्हाई जमायचं.”

स्वतःच्याच कायद्यात माणूस अडकला होता. जीप दारात धूळ खात आणि आप्पा गॅलरीत, अशी गत. जिना उतरताना मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

एका सकाळी त्यांची बायको, आमच्या काकी, माझ्या दारात उभ्या. “चला, जॅक घ्यायचाय. ह्यांना कळू देऊ नका.”

निगडीच्या दुकानात दुकानदार मलाच माहिती द्यायला लागला. वजन किती पेलतो, बंपर कसला आहे. काकींनी त्याला थांबवलं, उजवा हात पदरात घट्ट गुंडाळला आणि म्हणाल्या, “आता दावा येकेक.”

लांब दांड्याचा जॅक डाव्या हातानं थोडा चढला नि अडला. बाटलीसारखा बुटका जॅक चालवायला सोपा, पण तो लावायला गाडीखाली सरपटत जावं लागतं. काकी खरंच फरशीवर आडव्या झाल्या आणि एका हातावर त्यांना उठता येईना. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शेवटी राहिली हवेची पिशवी. ती बाहेर माझ्या जीपखाली लावली, मी इंजिन चालू ठेवलं, काकींनी डाव्या हातानं नळी धरली. पिशवी भरत गेली आणि जीप हलकेच वर आली.

“ह्योच,” काकी म्हणाल्या. दगड टोचून पिशवी फाटू नये म्हणून जाडजूड चटईही मागून घेतली.

घरी आप्पांनी पिशवी उलगडून पाहिली. “फुगा? मी फुगा घिऊन जाऊ?”

“घरात बसून तुमी फुगलाय, त्यापरीस बरा.”

त्या रविवारी आप्पा आले. इंद्रायणीकाठच्या काळ्या चिखलात मुद्दाम गाडी घालून रुतवली. आम्ही सगळे लांब उभे. आधी नळी निसटली, धुरानं तोंड काळं झालं. मग पिशवी तिरकी फुगली, हवा सोडून पुन्हा लावावी लागली. आमच्यातला एकही जण जागचा हलला नाही. अखेर चाक चिखलातून सुटलं. आप्पांनी डाव्या हातानं चाकाखाली दगड सारले, हवा सोडली आणि जीप बाहेर काढली. खाली उतरून कितीतरी वेळ रुमालानं तोंड पुसत राहिले. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू!

हल्ली रविवारी आप्पा आमच्यात नसतात. परवा सकाळी ड्यूटीला निघालो तर इमारतींमागच्या रिकाम्या प्लॉटवर त्यांची जीप दिसली, मागचं चाक रुतलेलं. काकी गाडी शिकतायत, आप्पांचे रविवारही त्यातच जातात. पदर खोचून त्या सायलेन्सरपाशी नळी धरून बसल्या होत्या, आणि आप्पा लांब एका दगडावर. मधूनच ते न राहवून उठायचे, चार पावलं पुढे यायचे. काकी मागे वळून नुसतं बघायच्या. तसे आप्पा निमूट जाऊन पुन्हा दगडावर बसायचे.