मिल्काचा शनिवार

मिल्का आवासकर सनीव्हेलला आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आली ती दोन हजार एकमध्ये. नावावरून आम्ही तिला ख्रिश्चन ठरवून मोकळे. डिसेंबरात मी केकसुद्धा नेऊन दिला. तिने तो मजेत खाल्ला आणि मग सांगितलं की आम्ही ज्यू, बेने इस्रायल, मूळचे अलिबागकडचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मैत्री जमली ती तिथूनच.

ही ठाण्याची पोरगी एकेकाळी जिम्नॅस्टिक्समध्ये देशात पहिली आलेली. अनइव्हन बारवर, म्हणजे त्या एक उंच, एक ठेंगण्या दांड्यांवर! सोळाव्या वर्षी नॅशनलची फायनल नेमकी शनिवारी आली, आणि शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, कामधाम न करण्याचा पवित्र दिवस. वडिलांनी घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. बाईसाहेब दिवसभर रडल्या. पुढच्या वर्षी फायनल रविवारी होती, तेव्हा गोल्ड घेऊन आल्या. मग ठाण्यातच कोचिंग करून पोरी घडवल्या, आणि नवऱ्याच्या चिप कंपनीपायी इथे येऊन बसल्या. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करायची नाही म्हणे. एवढी चॅम्पियन बाई, आणि सहा वर्षं घरात भाजी चिरत होती. तिच्यापेक्षा मलाच जास्त चीड यायची.

दोन हजार सातच्या शेवटी एकदाचं वर्क परमिट आलं. जवळच्याच एका जिमला कोच हवा होता. मिल्काला तिथवर मीच ड्राइव्ह करून नेलं. मालकिणीने बारवर काहीतरी करून दाखव म्हटलं. चाळिशीला टेकलेली मिल्का चढली, आणि तिचा पहिलाच झोका बघून मालकीणबाई खुर्चीतून उठल्या. मोठ्या मुलींची टीम तिथल्या तिथे देऊ केली. फक्त स्पर्धा शनिवारी असतात, तेव्हा यावंच लागेल, म्हणाल्या.

मिल्का नाही म्हणाली.

गाडीत मी तिला अशी झापली, काही विचारू नका. आधी हो म्हणायचं, पुढचं पुढे बघता आलं असतं. आता कोण बसलंय अडवायला?

"तेव्हा बाबांनी अडवलं म्हणून रडले," ती म्हणाली. "आज कुणीच अडवलं नाही गं. माझं मीच नाही म्हटलं."

आठवड्याने मालकिणीचा फोन आला. सोमवार ते शुक्रवार सकाळी तीन-चार वर्षांच्या पोरांचा वर्ग आहे, घेशील का? नॅशनल चॅम्पियनने कोलांट्या शिकवायच्या! माझा नुसता संताप झाला. ही मात्र एका पायावर तयार.

परवा तिला आणायला गेले, तर पोरं गेलेली, हॉल रिकामा. मिल्काने पकड सुटू नये म्हणून हाताला चॉकची पूड फासली, उडी मारून बार पकडला आणि सुरू झाली. मला माझ्या लेकीला, अदितीला, शाळेतून घ्यायला उशीर होत होता, तरी दारातून पाय निघेना. उतरली तेव्हा तिला धाप लागली होती, चेहरा लालबुंद.

"टीम हवी होती गं, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण शनिवारही माझा, आणि हा बारही माझाच."

मी तिला घट्ट मिठी मारली, चॉकसकट.